हौसाबाईंच्या जिभेचा उपवास

आमच्या सासूबाईंच्या तोंडात तीळ भिजत नाही, हे मला लग्नाच्या आधीच कळलेलं. माझं माहेर ठाकुर्लीचं, आगरी. दिपेश डोंबिवली वेस्टचा, मराठी ख्रिस्ती. दोन्ही घरांत कसं सांगायचं या विचारात आम्ही वर्ष घालवलं, आणि हौसाबाई अल्हाट यांनी ते काम एका दुपारी उरकून टाकलं. त्यांनी आम्हाला नाक्यावर शेवपुरी खाताना पाहिलं. संध्याकाळी मी घरी पोचले तर माझी आई दारातच उभी. "अल्हाटांचा मुलगा म्हणे?" एवढंच बोलली. तिला भाजीवालीने सांगितलेलं. भाजीवालीला कोणी सांगितलं ते काय सांगायला हवं?

या बाईशी बोलायचंच नाही, असं ठरवून मी या घरात आलेले. ते काही जमलं नाही. आता मी त्यांना आई म्हणते आणि दिवसातून एकदा तरी भांडते.

आई राहुरीकडच्या एका खेड्यातल्या. मिशनच्या शाळेत सातवीपर्यंत शिकल्या आणि लग्न होऊन डोंबिवलीला आल्या. सासरे अंबरनाथला कंपनीत फिटर होते. चाळीतली एक खोली, दोन मुलं आणि शिवणाचं मशीन, यावर आईंनी संसार उभा केला. ब्लाऊज शिवावा तर त्यांनीच, बाहीला एक सुरकुती पडणार नाही. तोंडात टाचण्या धरूनसुद्धा त्या बोलतात, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय. माप द्यायला हात वर करून उभी राहिलेली बाई पळून जाऊ शकत नाही ना. बिचारी एक ऐकते, दोन सांगते, आणि पुढच्या गिऱ्हाइकाची सोय होते.

चर्चमध्येही तेच. प्रार्थनासभेत आई डोळे मिटून अगदी मनापासून प्रार्थना करतात. "हे प्रभू, तुझं एक लेकरू आहे, गुप्ते रोडला राहतं, त्याची नोकरी गेल्या महिन्यात गेली आणि त्याच्या बायकोला अजून ठाऊक नाही, त्याला तू धीर दे." आमेन म्हणेपर्यंत बायकोला ठाऊक झालेलं असतं.

पण एक सांगते, आई खोटं बोलत नाहीत. तिखटमीठ लावतील, दोन वाक्यांचं पुराण करतील, पण नसलेलं सांगणार नाहीत. म्हणून तर लग्नाच्या चौकशीला येणारी माणसं रीत म्हणून पाळकांकडे जातात आणि खरं कळावं म्हणून आमच्याकडे येतात. पाळक सगळ्यांनाच चांगलं म्हणतात, त्यांना दर रविवारी त्याच लोकांसमोर उभं राहायचं असतं. आमच्याकडे मात्र रिकाम्या हाताने कोणी येत नाही. हातात ब्लाऊजपीस असतो. माप देता देता हळूच विषय निघतो, की तुमच्या चर्चमधली ती अमक्यांची मुलगी कशी आहे हो?

आता शकूमावशींचं सांगायला हवं. शकू भिंगारदिवे या नेवाशाकडच्या, चाळीत आईंच्या समोरच्या खोलीत राहायच्या. दोघींचं अगदी गूळपीठ. एकीची मुलं दुसरीच्या घरी जेवायची. आई दिवसभर बोलायच्या आणि शकूमावशी दिवसातून चारदा बोलायच्या, पण ते चार शब्द असे की समोरच्याने पाणी मागू नये. पुढे चाळ पडली, बिल्डिंग झाली, दोघी एकाच गल्लीत राहिल्या. मग माझी नणंद क्षिप्रा हिला एक चांगलं स्थळ आलं. मुलाकडचे शकूमावशींकडे चौकशीला गेले. शकूमावशी म्हणाल्या, "मुलगी सोन्यासारखी आहे. पण आईच्या जिभेची तयारी ठेवा." ते लोक परत आले नाहीत. क्षिप्राने त्यानंतर कुठल्याच स्थळाला उभं राहायला नकार दिला. पुण्यात नोकरी करते, एकटी राहते, मजेत आहे असं फोनवर सांगते.

याला अकरा वर्षं झाली. तेव्हापासून आई शकूमावशींशी बोललेल्या नाहीत. शकूमावशींबद्दल मात्र रोज बोलायच्या.

लेंट म्हणजे ईस्टरच्या आधीचे चाळीस दिवस. आमच्या माहेरी श्रावण पाळतात तसंच समजा. मटण-मच्छी बंद, रोज संध्याकाळी एकेका घरी प्रार्थनासभा, आणि प्रत्येकाने आपल्या आवडीचं काहीतरी सोडायचं. या दिवसांत लग्नं लागत नाहीत. लागत नाहीत, पण जमतात याच दिवसांत, कारण ईस्टर झाला की मे महिन्याचे हॉल धरायची घाई असते.

आई दर लेंटला चहा सोडायच्या. पुण्य त्यांना लागायचं आणि डोकेदुखी आम्हाला. सकाळी उठल्यापासून भांडी आपटायची, दिपेशवर खेकसायचं, गिऱ्हाइकाला उलट बोलायचं, आणि वर म्हणायचं, प्रभूसाठी सोसतेय. यंदा भस्म बुधवारच्या, म्हणजे लेंटच्या पहिल्या दिवसाच्या उपासनेहून आल्या आणि चहाचा डबा वरच्या फळीवर ठेवायला लागल्या. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, आई, चहा प्या हो तुम्ही, बादलीभर प्या. सोडायचंच असेल तर लोकांबद्दल बोलणं सोडा.

मला वाटलेलं, आता भडका उडणार. तर आई म्हणाल्या, चहा ठेव. प्यायल्या, कप खाली ठेवला आणि सांगून टाकलं, ईस्टरपर्यंत कोणाबद्दल एक शब्द बोलणार नाही, वाईट नाही आणि चांगलंही नाही. चांगलं का नाही, तर म्हणे चांगलं बोलायला तोंड उघडलं की बाकीचं त्याच्या मागोमाग बाहेर पडतं. स्वतःची जीभ त्या जन्मापासून ओळखतात.

पहिल्या आठवड्यात काय मजा झाली म्हणून सांगू. गिऱ्हाइकं गोंधळली. एकीला वाटलं आईंना घशाचं काहीतरी झालंय, ती ज्येष्ठमध घेऊन आली. दोघींनी शिवायला टाकलेलं कापड परत नेलं. शिलाई काय, कोणीही करून देतं! प्रार्थनासभेत आईंची पाळी आली तर "हे प्रभू, तुला सगळं माहीतच आहे, आमेन" म्हणून बसल्या. पाळक चक्क डोळे उघडून बघायला लागले. घरी मात्र त्यांचे हाल बघवत नव्हते. समोरच्या बिल्डिंगमध्ये मोठं भांडण झालं, पोलीस आले, आणि आई खिडकीशी उभ्या राहून ओठ घट्ट मिटून दोरा ओवत होत्या. मला त्या दिवशी पहिल्यांदा त्यांचं कौतुक वाटलं. माणूस मटण सोडतो म्हणजे काय, दुकानातून आणत नाही. यांना जे सोडायचं होतं ते चोवीस तास तोंडातच होतं.

आणि मग ठाण्याच्या आढावबाई आल्या. शाळेतून रिटायर झालेल्या, नीटनेटक्या, मोजकं बोलणाऱ्या. हातात ब्लाऊजपीस. ठाण्याहून डोंबिवलीला ब्लाऊज शिवायला कोण येतं? मी लगेच ओळखलं आणि पाणी द्यायच्या निमित्ताने तिथेच थांबले. माप झालं, आणि मग त्यांनी विचारलं, "भिंगारदिव्यांची करिश्मा कशी आहे हो? आमच्या मुलाला पसंत आहे."

करिश्मा म्हणजे शकूमावशींची मुलगी. कल्याणला लॅबमध्ये कामाला आहे. तिशीला आलेली. दोन स्थळं होता होता राहिलेली, आणि आता हा मुलगा तिला मनापासून आवडलेला, हे गल्लीत सगळ्यांना माहीत होतं.

अकरा वर्षं ज्या दिवसाची वाट बघितली तो दिवस आईंच्या समोर पाटावर येऊन बसलेला. एक वाक्य, फक्त एक. आईंनी टेप गळ्याभोवती टाकली. त्यांचा चेहरा लाल झाला, ओठ हलले, हात मशीनच्या चाकावर गेला. मग म्हणाल्या, "माझा लेंटचा उपवास आहे, बाई. मी कोणाबद्दल काही बोलत नाही." आढावबाईंनी पुन्हा विचारलं, निदान मुलगी बरी आहे एवढं तरी सांगा. आईंनी मान हलवली आणि कापडावर खडूने खुणा करायला लागल्या.

आढावबाई गेल्यावर आई भिंतीला टेकून बसल्या. घामाघूम. मला जवळ बोलावून म्हणाल्या, बघितलंस, जिंकले मी. आणि खरंच, मला त्यांना मिठी मारावीशी वाटली. मी मारली पण.

तीन-चार दिवसांनी पाळकांच्या बायकोने मला जिन्यात गाठलं. आढावांनी करिश्माचं पुढे न्यायचं नाही असं ठरवलंय. मी विचारलं, का? तर आढावबाई म्हणाल्या, "ज्या हौसाबाई कोणालाही सोडत नाहीत, त्या या मुलीबद्दल शब्दही काढेनात. म्हणजे सांगण्यासारखं नसलेलं काहीतरी असणार." येत्या रविवारी ते कळव्याची एक मुलगी बघायला जाणार होते. मुलगा नाही म्हणत होता, पण आईपुढे त्याचं किती चालणार?

मी धावत घरी आले आणि आईंना सांगितलं. त्यांनी मशीन थांबवलं. आधी तोंड उघडं राहिलं, आणि मग, मी खोटं बोलत नाही, त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. लगेच आवरलं त्यांनी, पण आलं. "मी काय केलं?" त्या म्हणाल्या. "मी तर तोंडही उघडलं नाही."

सुंठीवाचून खोकला गेला! त्या दिवशी आईंनी दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या. मशीनवर बसून भजनं म्हणायला लागल्या. मी म्हटलं, आढावांना एक फोन करा, मुलगी चांगली आहे एवढंच सांगा. तर म्हणतात कशा, नवस म्हणजे नवस, देवाला दिलेला शब्द मी शकूच्या पोरीसाठी मोडू होय? बायबल उघडून मला दाखवायला लागल्या, कुठे काय लिहिलंय ते. मला इतका संताप आला की मी पोळ्या अर्ध्यावर टाकून गॅस बंद केला.

चौथ्या दिवशी दुपारी शकूमावशी आल्या. अकरा वर्षांत त्यांनी आमचा उंबरा ओलांडला नव्हता, त्या दिवशीही ओलांडला नाही. दारातच उभ्या राहिल्या. केस सगळे पांढरे झालेले, मी इतक्या जवळून त्यांना कधी बघितलंच नव्हतं.

"हौसे, काय बोललीस त्यांच्यापाशी?"

"काही नाही बोलले. प्रभू साक्षी आहे."

"तेच ऐकलं मी." शकूमावशींनी दाराची चौकट धरली. "बोल काहीतरी. वाईट बोल हवं तर. वाईटाला मला उत्तर देता येईल. तुझ्या गप्प बसण्याला मी काय उत्तर देऊ?"

आई मान खाली घालून बाहीला टाके घालत राहिल्या. "माझा उपवास आहे, शकू," त्या म्हणाल्या.

शकूमावशींनी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि जिना उतरून गेल्या. गुडघा दुखत असावा, एकेका पायरीवर दोन्ही पाय ठेवून उतरत होत्या. त्या खाली पोचेपर्यंत मी कशीबशी थांबले आणि मग माझी जी जीभ सुटली! मी सुनेने सासूला बोलू नये ते सगळं बोलले. क्षिप्राताईचं झालं ते झालं, करिश्माने तुमचं काय वाकडं केलंय, असल्या उपवासापेक्षा तुम्ही रोज चिकन खाल्लेलं परवडलं, आणि असंच बरंच. आईंनी सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं, पालथ्या घड्यावर पाणी.

संध्याकाळी त्यांनी स्वतः चहा केला. माझा कप माझ्यासमोर ठेवला आणि स्वतःचा हातात धरून बसल्या, पीत नव्हत्या.

"दर्शना," त्या म्हणाल्या, "हे चार दिवस मला किती बरं वाटतंय माहितीये? रात्री शांत झोप लागतेय. जेवण गोड लागतंय. उपवासात इतकं बरं वाटायला नको गं."

मग पुढे सांगायला लागल्या. लेंटच्या पहिल्या रविवारी पाळकांनी अरण्यातल्या मोहाचा धडा वाचलेला. सैतान उपाशी प्रभूला भुलवायला आला तेव्हा शिव्या देत आला नाही, शास्त्रातलंच वचन म्हणत आला. पाळक हे सांगत असताना आईंचं लक्ष पुढच्या बाकावर होतं, शकूमावशींनी नवी साडी नेसलेली म्हणून. "आढावबाई आल्या तेव्हा मला वाटलं हाच तो मोह, आणि मी जिंकले," आई म्हणाल्या. "तो तर नुसता दारात उभा होता. त्या गेल्यावर आत आला. आणि मी त्याला जेवायला वाढलं." असं म्हणून त्या रडल्या. आईंना मी सासरे गेले तेव्हा रडताना पाहिलेलं, त्यानंतर आत्ताच.

शनिवारी सकाळी त्यांनी आढावबाईंचा ब्लाऊज पुरा केला, हुक-काज केलं, इस्त्री केली. मला म्हणाल्या, गाडी काढ. माझ्या स्कूटीवर मागे बसायला त्या घाबरतात, पण त्या दिवशी गुपचूप बसल्या. माणकोलीच्या पुलावरून ठाणं आता जवळ झालंय, तरी हायवेला ट्रॅफिक लागलाच. अख्ख्या रस्त्यात माझ्या खांद्यावरचा त्यांचा हात सैल पडला नाही. मी एकदा विचारलं, काय बोलणार आहात? म्हणाल्या, माहीत नाही, आणि मला भीती वाटतेय. तोंड उघडल्यावर काय बाहेर पडेल याचा त्यांना स्वतःलाच भरवसा नव्हता.

आढाव चरईत राहतात. दुसऱ्या मजल्यावरचं जुनं, स्वच्छ घर. आढावबाईंनी चर्चच्या रीतीप्रमाणे सलाम केला, बसा म्हणाल्या, ब्लाऊज उलटसुलट करून बघितला आणि शिलाईचं कौतुक केलं. त्यांनाही कळलेलं होतं की ब्लाऊज द्यायला कोणी एवढ्या लांब येत नाही. त्या वाट बघत राहिल्या.

आईंनी पदर सारखा केला. "तुम्ही चौकशी केलीत तेव्हा मी गप्प बसले ती उपवासामुळे. त्याचा तुम्ही भलता अर्थ घेतला हे कळल्यावरही गप्प बसले, ते वाईटपणाने. करिश्माबद्दल वाईट असं मला काहीही ठाऊक नाही. असतं तर मी लेंट संपायची वाट बघितली नसती, तुम्हाला माझी ख्याती माहीतच आहे."

आढावबाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, मग आज इतक्या घाईने का?

"कारण एक गोष्ट मी कोणालाच सांगितलेली नाही. हिलाही नाही." आईंनी माझ्याकडे बोट केलं. मग सांगितली ती अशी. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेत सासरे हॉस्पिटलमध्ये होते आणि घरात आम्ही तिघंही तापाने पडलेलो. दार उघडायला कोणी तयार नव्हतं. रोज दुपारी बेल वाजायची आणि दाराबाहेर डबा असायचा. मला आठवतं ते. मला वाटायचं चर्चमधून कोणीतरी पाठवतंय. आई एकदा खिडकीपर्यंत सरकत गेल्या आणि खाली बघितलं. डोक्याला ओढणी, तोंडाला मास्क, पण चाल ओळखू आली. करिश्मा. सासरे गेले त्या दिवशीही डबा आला, आणि पुढेही, आम्ही उभे राहीपर्यंत आला.

"मी जगाचं बोलले," आई म्हणाल्या. "भाजीवालीपासून पाळकांपर्यंत कोणाला सोडलं नाही. आणि ही एवढी एक गोष्ट, जी गावभर सांगायला हवी होती, ती तोंडात धरून बसले. कारण सांगितली असती तर मला त्यांच्याशी बोलावं लागलं असतं."

मी तर बसल्या जागी सुन्न झाले. आढावबाईंनी चष्मा काढून पुसला. पण शिक्षिका ती शिक्षिकाच, अर्ध्या उत्तरावर पेपर परत घेणारी नाही. त्यांनी विचारलं, "मुलीचं समजलं. आई कशी आहे? तोंडाची कशी आहे?"

अगदी हाच प्रश्न, अकरा वर्षांपूर्वी, आईंबद्दल शकूमावशींना विचारलेला. आईंनी खाली बघितलं, मग वर.

"शकू खरं बोलते," त्या म्हणाल्या. "माझ्याबद्दल एकदा खरं बोलली, ते मला अकरा वर्षं पचलं नाही. माझ्या मुलीचं लग्न शकूने नाही मोडलं, बाई. माझ्या जिभेने मोडलं. अशी विहीण मिळाली तर तुम्हाला आमच्यासारख्यांकडे चौकशीला जावं लागणार नाही."

आढावबाई उठल्या आणि आत गेल्या. आम्हाला वाटलं, झालं, आता पाणी देऊन वाटेला लावतील. त्या फोन घेऊन बाहेर आल्या आणि आमच्यासमोरच कळव्याला सांगितलं की उद्या आम्ही येत नाही. मग आमच्याकडे वळून म्हणाल्या की मुलाला आत्ताच उठवते, तसाही तो तीन दिवस धड जेवलेला नाही.

त्यानंतर झावळ्यांच्या रविवारी, म्हणजे ईस्टरच्या आदल्या रविवारी, दुपारी शकूमावशी आल्या. चर्चमध्ये दिलेली झावळी अजून हातात होती. या वेळीही दारात थांबल्या. आई मशीनवर होत्या, त्यांनी मान वर केली नाही. मीच म्हटलं, मावशी, आत या. त्या आत आल्या आणि गिऱ्हाइकाच्या पाटावर बसल्या.

"आढावबाईंनी सगळं सांगितलं," शकूमावशी म्हणाल्या.

"सगळं?"

"डब्याचंसुद्धा." मग म्हणाल्या, "करिश्मा नुसती पोचवायची, हौसे. भरायचे मी."

"ते काय मला सांगतेस? पहिल्याच घासाला कळलेलं," आई म्हणाल्या. "तुझ्या येसराच्या आमटीची चव मी ओळखणार नाही होय? तापाने तोंडाला कसलीच चव नव्हती, पण ती कळली. रोज रडत जेवले मी, आणि रोज डबा धुऊन दाराबाहेर ठेवला. चार शब्द तेवढे ठेवले नाहीत."

मला तिथे उभं राहवेना. मी चहा ठेवायच्या निमित्ताने आत गेले आणि ओट्यापाशी उभी राहून डोळे पुसले. बाहेर शकूमावशींनी विचारलं, क्षिप्रा कशी आहे? अकरा वर्षांत त्यांनी हे कोणालाच विचारलेलं नव्हतं, आणि मला वाटतं, रोज विचारायचं असणार त्यांना.

आईंनी फोन उचलला, पुण्याला लावला, स्पीकरवर टाकला आणि तसाच शकूमावशींच्या हातात दिला. क्षिप्राताई पलीकडून "बोल आई" म्हणाली. शकूमावशी म्हणाल्या, "आई नाही गं, मी शकूमावशी." मग तिने विचारलं, "मावशी, तू आमच्या घरी बसलीयेस?"

"हो गं," शकूमावशी म्हणाल्या. "तुझी आई समोर बसून रडतेय. ईस्टरला ये."